औंढ्याच्या भिंतीतील सांधा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे दर्शनाच्या ओढीने आलेला भाविक बहुधा शिखराकडे पाहून हात जोडतो आणि आत शिरतो. परंतु ज्याला ही वास्तू जाणून घ्यावयाची आहे त्याने प्रथम बाहेरच्या भिंतीपाशी थांबावे आणि जेथे काळा कोरीव पाषाण संपून वीट-चुन्याचे पांढरे काम सुरू होते तो सांधा निरखावा, कारण या स्थानाने भोगलेली सारी स्थित्यंतरे तेथे उघडी पडलेली आहेत.

खालचा भाग यादवकालीन. यादवांचा प्रधान हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावरून या बांधणीस हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात पडला, यद्यपि अशी कित्येक देवालये त्याच्याही पूर्वीची आहेत. घडीव शिळा चुन्यावाचून एकमेकींत खाचांनी बसवावयाच्या आणि त्यांच्या स्वभारानेच त्या स्थिर राखावयाच्या, ही तिची रीत. आणि भिंत सरळ न नेता तिला वारंवार कोन दिल्यामुळे गजथरावर, देवदेवतांवर आणि सुरसुंदरींवर ऊन-सावलीचा जो खेळ दिवसभर चालतो, तो पाहिल्यावाचून या शिल्पांचे सौंदर्य पुरते कळत नाही. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील आपल्या 1931 च्या ग्रंथात या देवालयाची दखल घेतली आहे.

मूळ देवालयाचा विध्वंस औरंगजेबाच्या अमदानीत झाला आणि जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, अशी परंपरा आहे. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी जुन्या पाषाणाची नक्कल न करता आपल्या काळाच्या साहित्यात शिखर उभारले, हे मला त्यांच्या प्रांजळपणाचे लक्षण वाटते.

आत ज्योतिर्लिंग तळघरात आहे; अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकूनच खाली उतरावे लागते. नंदी मात्र नेहमीप्रमाणे समोर नसून देवळाच्या मागे आहे. वारकरी संत नामदेवांना कीर्तनास मज्जाव झाला तेव्हा ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा येथे सांगतात. नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून लाभले ते याच स्थानी, असे परंपरा मानते, आणि नामदेवांचे जन्मग्राम मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात कयाधूकाठी आहे. तेव्हा या पाषाणाशी वारकरी संप्रदायाचे नाते केवळ कथेपुरते नाही.

एवढे सगळे पाहून लोक परततात आणि आवारातील सासू-सुनेची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बहुधा राहून जाते, याची मला खंत वाटते. स्पेनमधील कित्येक लहान गावांत चर्चइतकाच गावचा कारंजा आणि सामाईक धुण्याची जागा हाही वारसा म्हणून जतन केला जातो. आपल्याकडे देव आणि पाणी एकाच आवारात नांदत असता आपण पाण्याच्या बांधकामाला दुय्यम का लेखावे? बारवेत पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येते, म्हणून उन्हाळ्यात पातळी खाली गेली तरी घागर भरता येते. लोकोपयोगी स्थापत्याचा हा अस्सल नमुना आहे.

डागडुजीच्या वेळी एक गोष्ट सांभाळावयास हवी. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवते, आणि मग क्षार साचून कोरीव दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून मंदिराच्या वरच्या भागाला चुनाच द्यावा, बारवेतील गाळ पावसाळ्यापूर्वी उपसावा, आणि त्या सांध्यावर रंगाचा हात कोणीही फिरवू नये.