आसनाभ्यासाच्या आरंभी सांध्यांची काळजी



२०१५ पासून दरवर्षी २१ जून रोजी आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. त्या दिवशी उत्साहाने आसनांस आरंभ करणारे पुष्कळ असतात. आणि चार दिवसांत गुडघा धरून थांबणारेही थोडे नसतात. आपल्या तिगाव-पांढुर्णा भागात तर ते दिवस पेरणीचे. शेतात वाकून थकलेल्या शरीराकडून दुसऱ्या सकाळी पद्मासनाची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. नव्या हालचालींनंतर एक-दोन दिवसांनी मांड्या, पोटऱ्या व पाठ आंबते. ही वेदना पसरट असते व काही दिवसांत आपोआप शमते. सांध्याचे दुखणे निराळे. ते बहुधा एका ठिकाणी बोट ठेवून दाखविता येते आणि आसन चालू असतानाच कळ उठते. अशी कळ सोसणे म्हणजे तप नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वाधिक हाल गुडघ्याचे होतात, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीप्रमाणे उघडतो व मिटतो. सर्व दिशांना फिरण्याचे काम खुब्याचे. तेथे हाडाचा गोळा खोबणीत बसलेला असतो. पद्मासनात मांडी खुब्यातून बाहेर वळावी लागते. खुबा आखडलेला असताना पाऊल हाताने ओढून मांडीवर चढविले, तर तो पीळ गुडघ्यावर येतो व आतील कुर्चेवर ताण पडतो. म्हणून आरंभी साध्या मांडीवर बसावे. बैठकीखाली घोंगडीची इतकी जाड घडी घ्यावी की गुडघे खुब्यांच्या पातळीखाली येतील. वज्रासनात मांडी व पोटरी यांच्यामध्ये चादरीची गुंडाळी ठेवावी.

असा आधार घेणे कमीपणाचे मानू नये. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी पट्टे, विटा, लोड व खुर्ची यांचा आसनांतील उपयोग जगभर रूढ केला. पतंजलींनीही आसनाची लक्षणे सांगताना स्थैर्याबरोबर सुखाचा उल्लेख केला आहे.

सूर्यनमस्कार पहिल्या आठवड्यात दोन-तीनच पुरेत. रथसप्तमीला संख्येची चढाओढ लागते, ती नवसाधकांनी दुरूनच पाहावी. तळहात पूर्ण टेकवून बोटे पसरावीत, म्हणजे भार केवळ मनगटाच्या टाचेवर येत नाही. हिवाळ्यात पहाटे अंग थंड असते. आधी पाच-दहा मिनिटे चालावे, खांदे व घोटे फिरवावेत. सर्वांगासन व हलासन यांत मानेवर भार येतो. ती जाणत्या शिक्षकासमोरच शिकावीत. आपल्याला नागपूर जवळ आहे, आणि तेथील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ अनेक दशके हे शिक्षण देत आले आहे.

सांधा सुजला, लाल व गरम झाला, अडकू लागला किंवा विश्रांतीतही दुखत राहिला, तर आसने थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. संधिवात वा हाडांची ठिसूळता असणाऱ्यांनी हा सल्ला आरंभापूर्वीच घ्यावा.