धैर्य म्हणजे काय, सेनापती?

प्लेटोचे संवाद मनातल्या मनात वाचू नयेत. दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे, आणि सगळे मोठ्याने. ‘लॅकीस’ हा छोटा संवाद मी एका मित्राबरोबर असाच वाचतो. उत्तर देणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा नुसते ‘हो’ आणि ‘अर्थात’ येते. सुरुवातीचे ‘हो’ सहज निघून जातात. पुढे प्रत्येक ‘हो’ म्हणायला जीभ जड होते, कारण आधी कशाकशाला मान्यता दिली ते आठवत असते.

प्रसंग अथेन्समधला. लिसिमाखस आणि मेलेसियस या दोन वृद्धांचे वडील नामांकित होते, पण यांच्या स्वतःच्या हातून मुलांना सांगण्याजोगे काही घडले नाही. मुलांचे तसे होऊ नये म्हणून ते दोन सेनापतींचा सल्ला घेतात : चिलखत घालून लढण्याची विद्या मुलांना शिकवावी का? निकिआस म्हणतो शिकवा, लॅकीस म्हणतो काही उपयोग नाही. आता सॉक्रेटिसने कौल द्यावा. तो देत नाही. मुलांचे भले डोकी मोजून ठरवणार की जाणकाराला विचारून, असे तो विचारतो. मग जाणकार कोण? या विद्येतून मुलांत जे यावे असे वाटते, ते धैर्य म्हणजे काय हे ज्याला सांगता येईल तो. विद्येचा प्रश्न मागे पडतो आणि सेनापतींचीच परीक्षा सुरू होते.

लॅकीसला उत्तर सोपे वाटते : रांग न सोडता शत्रूला तोंड देतो, पळत नाही, तो धैर्यवान. इथे मी दरवेळी थांबतो. इ. स. पूर्व ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईत अथेन्सचा पराभव झाला. तेव्हाच्या माघारीत सॉक्रेटिस कसा वागला, ते याच लॅकीसने पाहिले होते आणि थोड्याच वेळापूर्वी तोंडभरून सांगितले होते. माघार घेणाऱ्याचे धैर्य त्याला ठाऊक आहे, फक्त व्याख्येत आलेले नाही. सॉक्रेटिस डेलियमचे नावही काढत नाही. तो मागे हटत लढणाऱ्या सिथियनांचे उदाहरण देतो, प्लॅटियाच्या लढाईत आधी मागे सरून मग उलटलेल्या स्पार्टनांचे देतो, आणि प्रश्न नीट विचारला नाही हा दोष स्वतःकडे घेतो. आजारपणात, गरिबीत, समुद्रावर, मोहाशी झगडताना जे सारखे असते, ते त्याला हवे आहे.

लॅकीस म्हणतो, मनाचा चिवटपणा. धैर्य ही चांगली गोष्ट ना? हो. अविचारी चिवटपणा घातक ना? हो. म्हणजे विचारी चिवटपणा हेच धैर्य. मग कुमक येणार आहे आणि जागा मोक्याची आहे, हे जाणून टिकणारा जास्त धैर्यवान, की समोरच्या तळात तसा काहीच आधार नसताना टिकणारा? दुसरा, असे लॅकीस प्रामाणिकपणे म्हणतो आणि स्वतःच्याच आधीच्या उत्तराला छेद देतो. या फेरीत सॉक्रेटिसने स्वतःचे असे एकही विधान मांडलेले नाही. एकमेकांना भिडलेली सगळी मते लॅकीसची आहेत. याला शब्दांचा सापळा म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. सापळ्यात अडकलेला माणूस पकडणाऱ्यावर चिडतो. लॅकीस चिडतो तो मनातले सांगता येत नाही म्हणून. सॉक्रेटिस त्याला म्हणतो, शोधातही चिवट राहू या, नाहीतर धैर्यच आपल्याला हसेल.

निकिआसचे उत्तर अधिक घडीव आहे : कशाची भीती बाळगावी आणि कशाची नाही, याचे ज्ञान. तेही पुढे टिकत नाही. पण जाता जाता सॉक्रेटिस त्याला आठवण करून देतो, की कायद्याप्रमाणे सेनापतीने भविष्यवेत्त्याला आज्ञा द्यायची असते, भविष्यवेत्त्याने सेनापतीला नव्हे. प्लेटोच्या वाचकांना पुढचे माहीत होते. इ. स. पूर्व ४१३ मध्ये सिराक्यूजहून त्याचे अथेनियन सैन्य माघारी निघण्याच्या बेतात असताना चंद्रग्रहण झाले आणि भविष्यवेत्त्यांच्या शब्दावर निकिआस थांबून राहिला. सैन्य नष्ट झाले, तोही मारला गेला.

संवादात धैर्याची व्याख्या सापडत नाही. तरी पहिल्या प्रश्नावर न जुळलेले दोन्ही सेनापती शेवटी वृद्धांना एकच सल्ला देतात : मुलांसाठी सॉक्रेटिसला सोडू नका. सॉक्रेटिस म्हणतो, उत्तर मलाही सापडलेले नाही, तेव्हा गुरू आधी आपल्यासाठी शोधू या, मग मुलांसाठी.