ईसीयूला खरं कळू द्या

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळायला लागला की गॅरेजसमोर एकच तक्रार ऐकू यायची : "भाऊ, गाडी मिसिंग करी ऱ्हायनी." मिस्तरी कार्बोरेटरचा एअर स्क्रू शेवटपर्यंत आवळायचा, दीड-दोन आटे उलटा सोडायचा, आयडलचा स्क्रू जरासा फिरवायचा आणि सायलेन्सरकडे कान देऊन थांबायचा. ठोके एकसारखे पडले की ट्यूनिंग झालं. ना मीटर, ना वायर. जेट तुंबला असेल तर क्लच केबलच्या एका तारेने मोकळा करायचा. धुळ्यापासून रावेरपर्यंत मिस्तरींची एक अख्खी पिढी या दोन स्क्रूंवर जगली.

1 एप्रिल 2020 ला देशभर बीएस-6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे भारत स्टेज-6 नियम, लागू झाले आणि नव्या गाड्यांवरचे ते स्क्रू गेले. 2002 साली डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने वाहनांच्या इंधनाचा आराखडा दिला, तेव्हापासून नियम पायरीपायरीने कडक होत होते. 2016 मध्ये सरकारने बीएस-5 ची पायरीच गाळायचं ठरवलं. नव्या नियमात मोटरसायकलला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडची मुभा राहिली फक्त 60 मिलिग्रॅम. हे साधायचं तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालला पाहिजे, आणि तो नीट चालतो ते हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ असतं तेव्हाच. साध्या कार्बोरेटरला एवढी काटेकोर मापणी जमत नाही. बजाजने प्लॅटिनासारख्या काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर चालवून दाखवला; बाकी जवळजवळ सगळा बाजार फ्युएल इंजेक्शनवर (एफआय) गेला.

तंत्र मात्र नवं नव्हतं. हिरो होंडाची ग्लॅमर एफआय 2006 मध्येच आली होती. 2007 मध्ये चाकणहून पल्सर 220 इंजेक्शन घेऊन निघाली. दोनच वर्षांत बजाजने त्याच गाडीवर पुन्हा कार्बोरेटर चढवला, गाडी स्वस्त झाली, ताकदही थोडी वाढली आणि "सर्वांत वेगवान भारतीय" म्हणून तिची जाहिरात झाली. त्या काळी गिऱ्हाइकाला इंजेक्शनचं कौतुक नव्हतं. मिस्तरीला तर नव्हतंच.

आता यंत्राकडे येऊ. टाकीतला पंप पेट्रोल साधारण 3 बार दाबाने इंजेक्टरपर्यंत आणतो. मागच्या चाकातल्या हवेपेक्षाही हा दाब जास्त, म्हणून पंप बंद करून दाब उतरवल्याशिवाय पेट्रोलचा पाइप काढू नये; गरम इंजिनवर फवारा उडतो. इंजेक्टर ही विजेवर उघडणारी बारीक झडप. आयडलला, म्हणजे 1400 फेऱ्यांना, ती सेकंदाला साधारण बारा वेळा उघडते, दर वेळी अवघे काही मिलिसेकंद. किती मिलिसेकंद हे ठरवतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कारभार पाहणारी इलेक्ट्रॉनिक डबी. थ्रॉटल किती उघडा आहे, मॅनिफोल्डमध्ये दाब किती, आत येणारी हवा आणि इंजिन किती तापलंय, हे त्याला सेन्सर सांगतात. बेंड पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर शेवटी निकाल देतो : 0.1 व्होल्टच्या आसपास म्हणजे पेट्रोल कमी, 0.9 च्या आसपास म्हणजे जास्त. ईसीयू त्यावरून पुढचा हप्ता कमी-जास्त करत राहतो.

म्हणजे तो मिस्तरी दिवसभरात जे एकदा करायचा, ते ही डबी सेकंदाला अनेकदा करते. आणि खानदेशात त्याची गरजही आहे. डिसेंबरच्या पहाटे 15 अंशांवर असलेली हवा मेच्या दुपारी 45 वर गेली की साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. शहाद्याहून तोरणमाळ चढलात तर साडेअकराशे मीटरच्या आसपास पोहोचता; तिथे हवेचा दाब पायथ्याच्या तुलनेत दहा-बारा टक्क्यांनी कमी भरतो. जेटचं भोक तेवढंच राहत असल्याने कार्बोरेटरवाली गाडी वर जाऊन जड व्हायची, काळा धूर टाकायची. इंजेक्शनवालीला घाट चढल्याचा दम लागतो, पण मिश्रण बिघडत नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं तेव्हाही हेच. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे योग्य प्रमाण 13.5 च्या आसपास उतरतं. ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. एव्हरेज घटतं ते इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असल्यामुळे. त्यावर घरी इलाज नाही आणि ते दाखवून कोणी "सेटिंग" विकत असेल तर खिसा सांभाळावा.

मग घरी ट्यूनिंग करायचं म्हणजे काय करायचं? माझं म्हणणं एवढंच की नव्वद टक्के वेळा ईसीयूला शिकवण्यासारखं काही नसतं, त्याला मिळणारी माहिती खरी करायची असते. उदाहरण द्यायचं तर बेंड पाइपचं पॅकिंग. इंजिनच्या डोक्याशी ते फुटलं की सेन्सरच्या अलीकडून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि देत सुटतो. एव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास. लोक इंजेक्टर बदलतात, पंप बदलतात. दोष असतो त्या स्वस्तातल्या पॅकिंगचा. थंड इंजिन सुरू करून त्या सांध्याशी फट-फट ऐकू येते का पाहायचं. इथे जुन्या मिस्तरीचा कान अजूनही कामाचा आहे.

एअर फिल्टरची गोष्ट आपल्याकडे वेगळी. काळ्या मातीची धूळ, त्यात हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारा कापसाचा तंतू. तेलाचा हात दिलेला कागदी फिल्टर धुवून परत बसवणारे पुष्कळ आहेत. तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो, आणि कंपनीने धुळीच्या रस्त्यांसाठी सांगितलेल्या मुदतीत. टॅपेट थंड इंजिनवर फीलर गेजने तपासावेत. घट्ट झालेला व्हॉल्व्ह मॅनिफोल्डचा दाब बदलतो आणि दाबाचा सेन्सर प्रामाणिकपणे चुकीचा आकडा कळवतो. पावसाळ्यात प्रेशरने गाडी धुतल्यावर कपलरात पाणी शिरून पिना हिरव्या पडतात, ते उघडून कोरडे करणं हेसुद्धा ट्यूनिंगच.

थ्रॉटल बॉडीवर काजळी बसली की आयडल अडखळतं. योग्य क्लीनर फडक्यावर घेऊन ती पुसावी. मात्र तिथे एक स्क्रू दिसेल, रंगाचा ठिपका किंवा सील असलेला. हात शिवशिवतात. तो आयडलचा स्क्रू नव्हे. थ्रॉटल पूर्ण मिटल्यावर कुठे टेकायचा ते कारखान्यात त्याने ठरवलेलं असतं. तो फिरवला की थ्रॉटल सेन्सरचा शून्य हलतो आणि मिटलेला थ्रॉटल ईसीयूला उघडा वाटू लागतो. इंजेक्टरच्या भोकात तार घालणं हा त्याहून मोठा गुन्हा. तो अल्ट्रासॉनिक मशीनवरच साफ होतो.

बॅटरीचं महत्त्वही वाढलं. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो. पार मेलेल्या बॅटरीवर धक्का मारून गाडी चालू करण्याचा हुकमी उपाय बऱ्याच गाड्यांवर आता चालत नाही, कारण पंपाला आधी दाब करायला वीज हवी. आणि "पन्नासचं टाक" म्हणत टाकी कायम तळाशी ठेवणाऱ्यांसाठी एक निरोप : पंप त्याच पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो.

चेक लाइट लागली तर घाबरायचं कारण नाही, ती बोलते. होंडाच्या पद्धतीत लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. आठ छोट्या आल्या तर थ्रॉटल सेन्सर, दोन लांब आणि एक छोटी म्हणजे एकवीस, ऑक्सिजन सेन्सर. बीएस-6 च्या अनेक गाड्यांत सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे सहा पिनांचा लाल सॉकेट असतो. जोडणीची वायर आणि ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की हेच मोबाइलवर वाचता येतं. मिस्तरीने आधी हे वाचावं आणि मगच पाना उचलावा. वाचून झालं की लगेच सेन्सर मागवू नये, आधी मल्टिमीटरने वायर तपासावी. सेन्सरपेक्षा वायर तुटण्याची शक्यता जास्त असते.

उरलेले दहा टक्के म्हणजे ज्यांनी सायलेन्सर आणि फिल्टर बदलले ते. त्यांच्यासाठी पुण्याच्या ऑटोलॉगचं फ्युएलएक्स किंवा बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक अशा डब्या मिळतात. त्या ईसीयू आणि इंजेक्टरच्या मधे बसून पेट्रोलचा हिशेब बदलतात. घरी बसवता येतात, कपलर ते कपलर. पण पूर्ण थ्रॉटलला प्रमाण साडेबारा-तेराच्या आसपास आहे की नाही, हे गाडीचा मूळ सेन्सर सांगू शकत नाही. त्याला कमी की जास्त एवढंच कळतं. त्यासाठी वाइडबँड सेन्सर बेंड पाइपला वेल्ड करून बसवावा लागतो आणि गाडी भाराखाली पळवावी लागते. धुळे-जळगाव महामार्गावर ट्रकांच्या मधून पूर्ण थ्रॉटलने आकडे टिपणं हा वेडेपणा आहे. डायनोसाठी, म्हणजे उभ्या गाडीला भार देऊन पळवणाऱ्या यंत्रासाठी, सरळ पुणे गाठावं. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही, ते वेगळंच. पकडली जाते ती आवाजामुळे सायलेन्सरवाली बुलेट. पेट्रोलचा बदललेला हिशेब सहसा पकडला जात नाही, कारण पीयूसीवाला नळी घालतो ती आयडलवर उभ्या असलेल्या गाडीत, आणि डबीने केलेला बदल बहुधा थ्रॉटल उघडल्यावर सुरू होतो.