यंत्राचे अनुमान आणि माणसाचा न्याय

कायद्यापुढे राव आणि रंक सारखेच, हे कायद्याच्या राज्याचे एक लक्षण होय. शिक्षेची कारणे आरोपीला कळली पाहिजेत आणि ती खोडून काढण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे, हे दुसरे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 2013 साली एका आरोपीला सहा वर्षांचा कारावास झाला. शिक्षा ठरविताना न्यायाधीशांपुढे इतर कागदपत्रांबरोबर संगणकाचा एक अहवालही होता. 'कॉम्पास' नावाची ती प्रणाली, आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा संभव किती, हे गुणांकाने सांगत असे. हा गुणांक काढण्याची रीत मात्र ती प्रणाली बनविणाऱ्या कंपनीने व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवली होती. जो हिशेब पाहावयास मिळत नाही, त्यातील चूक दाखवावी तरी कशी? आरोपीने वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागितली. 2016 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. परंतु केवळ अशा गुणांकावरून शिक्षा ठरविता येणार नाही आणि त्याच्या उणिवांची लेखी सूचना अहवालासोबत असलीच पाहिजे, असे बजावले.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची याहून कितीतरी प्रबळ साधने निर्माण झाली आहेत. म्हणून अनेक देशांच्या तज्ज्ञांनी युरोप परिषदेत एकत्र बसून एक करार सिद्ध केला. 5 सप्टेंबर 2024 रोजी व्हिल्नियस येथे तो स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. अशा साधनांमुळे ज्याच्या हक्कांना बाध येईल, त्याला आवश्यक ती माहिती व दाद मागण्याचा मार्ग मिळावा, असे त्यात म्हटले आहे.

यंत्र अनुमान सांगते. त्याचा जाब मात्र माणसालाच द्यावा लागतो.