पोटाचे डायलिसिस आणि औषधांना न जुमानणारे जंतू

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये रक्त शुद्ध करण्याचे काम पोटाच्या आतले अस्तर करते. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून साधारण 2 लिटर द्रावण आत सोडतात आणि काही तासांनी साचलेल्या घाणीसकट बाहेर काढून नवे भरतात. हाताने करायच्या पद्धतीत रुग्ण किंवा घरातले कुणीतरी हे रोज बहुधा 4 वेळा करते. म्हणजे एरवी पूर्ण बंद असलेल्या जागेचे दार दिवसातून 4 वेळा उघडते. पिशवी जोडताना टोकाला नुसते बोट लागले, तरी जंतू आत शिरू शकतात आणि अस्तराला सूज येते. हाच पेरिटोनायटिस.

त्याची पहिली खूण पिशवीत दिसते. निरोगी अवस्थेत बाहेर आलेले द्रावण इतके नितळ असते की पिशवीमागे धरलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरे वाचता येतात. ती पुसट दिसू लागली की पोट दुखो वा न दुखो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि ती पिशवी सोबत न्यायची.

त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जंतू यात नेहमी सापडतात. आतड्यातले ई. कोलाय आणि क्लेब्सिएला, ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास हे अधिक चिवट. यातले काही जंतू सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधे फोडून टाकणारे विकर तयार करतात. नळीच्या आतल्या बाजूला त्यांचा बुळबुळीत थरही बसतो आणि त्याच्या आड औषध नीट पोचत नाही.

असे जंतू येतात कुठून, याचा एक धागा उज्जैनमध्ये सापडतो. तिथल्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेसोबत या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. विशाल दिवाण, अशोक ताम्हणकर आणि सहकाऱ्यांचा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उज्जैनमधल्या एका रुग्णालयाच्या पाण्याचा होता. रुग्णालयाला येणाऱ्या पाण्यात प्रतिजैविके आढळली नाहीत. बाहेर जाणाऱ्या सांडपाण्यात ती होती आणि सोबत औषधांना दाद न देणारे ई. कोलायही होते. पुढे याच गटाने क्षिप्रा नदीचा आणि पर्वस्नानांचा अभ्यास हाती घेतला. हे काम डायलिसिसच्या रुग्णांवरचे नाही. पण रुग्णालयातले औषध आणि जंतू पाण्यावाटे बाहेर कसे पडतात, हे त्यातून कळते आणि पोटात नळी असलेल्याला ते दुर्लक्षून चालत नाही.

म्हणूनच नदी, तळे किंवा कुंडातले स्नान अशा रुग्णाने टाळावे. 2028 च्या सिंहस्थातही उज्जैनच्या रामघाटावर बुडी मारण्याचा मोह आवरायला हवा. घरी अंघोळीनंतर नळी बाहेर येते ती जागा कोरडी करून तिथे डॉक्टरांनी दिलेले मुपिरोसिनसारखे मलम लावायचे. पिशवी बदलताना पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे. ओला हात हा इथला मोठा शत्रू.

संसर्ग झालाच, तर द्रावणाचा नमुना ब्लड कल्चरच्या बाटल्यांत घालून जंतू वाढवतात. दर मायक्रोलिटरमध्ये 100 हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, हे निदानाला पुष्टी देतात. अहवालाची वाट न पाहता त्वचेवरच्या आणि आतड्यातल्या अशा दोन्ही गटांतल्या जंतूंना आवरणारी औषधे, शक्यतो पोटातूनच, सुरू करतात. प्रतिकार दिसला तर मेरोपेनेमपर्यंत आणि तेही चालेना तर कोलिस्टिनपर्यंत जावे लागते. कोलिस्टिन मूत्रपिंडालाच इजा करू शकते. काही रुग्णांची थोडीफार लघवी अजून होत असते, ती उरलीसुरली ताकद अशा उपचारात गमावणे फार महागात पडते. नमुना घेण्याआधीच शेजारच्या दुकानातून घेतलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या सर्वात घातक ठरतात: कल्चरमध्ये जंतू उगवत नाही आणि कोणते औषध चालेल हे कळतच नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम ही औषधे 2014 पासून औषध नियमांच्या एच-1 अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची चिठ्ठीनिशी नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे.

योग्य औषधाचे 5 दिवस होऊनही द्रावण निवळत नसेल, पेशीही घटत नसतील, तर नळी काढण्याचा निर्णय होतो. त्यानंतर रुग्णाला रक्ताच्या डायलिसिसवर ठेवतात, म्हणजे आठवड्यातून 2-3 वेळा केंद्रावर खेपा आल्या. संसर्ग पूर्ण हटल्यावर, नळी काढल्यापासून निदान 2 आठवड्यांनी, अस्तर चिकटून खराब झाले नसेल तरच नवी नळी बसवता येते.