दिशा व काळ यांना पायऱ्या आहेत काय?

निपाणीनजीकच्या तवंदी घाटाच्या उतारावर मनुष्य कोणत्याही उंचीवर उभा राहू शकतो. जिन्यावर मात्र ठरावीक पायऱ्यांवरच. एखाद्या राशीस अशी तुटक मूल्येच असतील, तर भौतिकशास्त्रात त्यास पुंजीकरण म्हणतात. दिशा व काळ यांचेही असे आहे काय?

१९२२ साली फ्रँकफुर्ट येथे ऑटो स्टर्न व वाल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. अणुचुंबकांचा कल कोणताही असता, तर काचेवर सलग पट्टा उमटला असता. प्रत्यक्षात झोत दुभंगला. चुंबक कोणत्याही कोनात वळविला, तरी उत्तरे दोनच मिळतात. अर्थात तुटकपणा मोजमापाच्या उत्तरांत आहे. दिशा सलगच राहतात.

अवकाशच कणमय असावे, हा विचार याहून निराळा. खानदेशातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली. त्यांतून विकसित झालेल्या सिद्धान्तानुसार क्षेत्रफळ पायऱ्यांनी वाढते. चौरस मीटरला एकावर ६९ शून्ये इतक्या संख्येने भागावे, त्या सुमाराची ही पायरी होय. तिला अद्याप प्रयोगाचा आधार नाही. काळाच्या कणांनाही नाही.

"विज्ञानाने काळाचे कण शोधले, मग अनादि देव कोठे?" असे एखादा विद्यार्थी विचारील, तेव्हा सिद्ध व संभाव्य यांतील हा भेद शिक्षकाने शांतपणे उलगडावा. ज्याची परीक्षा व्हावयाची आहे, त्यावर शंका उभारू नये आणि प्रवचनही उभारू नये.