टायरचे वय : किलोमीटर आणि वर्षे

कारंजा लाड येथील बाजार समितीत सोयाबीन आणि तुरीची आडत करणाऱ्या एका कुटुंबाने २०१७ च्या दिवाळीत मोटार घेतली. घर ते बाजार समिती, तेथून बँक, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी अकोला किंवा अमरावतीची फेरी, एवढीच तिची धाव होती. साडेसात वर्षांत किलोमीटरचा आकडा जेमतेम तीस हजारांवर पोहोचला. २०२५ च्या मे महिन्यात नाशिकला भाचीचे लग्न निघाले. पंचाहत्तरीच्या आजींसह पाच माणसे, लग्नाचे सामान आणि समृद्धी महामार्गाने चार तासांहून अधिक सलग प्रवास असा बेत ठरला.

निघण्यापूर्वी हवा पाहण्यासाठी गाडी नेहमीच्या टायरवाल्याकडे नेली. त्याने हवा पाहिली, मग गुडघ्यावर बसून टायरची बाजू न्याहाळली आणि म्हणाला, "काकाजी, टायर घासले नाहीत, पण बुढे झाले."

आडतदारांना हे पटेना. टायरवरील नक्षीची खोली अजून चार मिलिमीटर होती. तीस हजार किलोमीटरमध्ये टायर बाद कसा होईल, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अनेक व्यापारी घरांचा आहे. दुकान घराजवळ असते, गाडी कमी चालते, टायर नवे दिसतात. आणि वर्षातून एक-दोनदा तीच गाडी पूर्ण भार घेऊन, भर उन्हात, महामार्गाच्या वेगाने धावते. टायरची खरी परीक्षा नेमकी त्या दिवशी होते.

दोन वये

टायरला दोन वये असतात. एक धावण्याचे, ते नक्षीच्या झिजेवरून कळते. दुसरे काळाचे, ते डोळ्यांना सहज दिसत नाही. हवेतील ऑक्सिजन व ओझोन, ऊन आणि उष्णता यांमुळे रबर हळूहळू कडक होते, त्याची लवचीकता जाते आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. यापासून संरक्षण व्हावे म्हणून रबराच्या मिश्रणात मेण व अन्य संरक्षक द्रव्ये घातलेली असतात. टायर धावताना दबतो-फुगतो आणि ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला हा लाभ कमी मिळतो. म्हणूनच कमी चाललेला टायर तरुणच असेल, हा समज चुकीचा ठरतो.

टायरचा जन्म केव्हा झाला, हे त्याच्यावरच कोरलेले असते. बाजूच्या भिंतीवर डीओटी या रोमन अक्षरांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. कारंज्याच्या त्या गाडीवर ३११७ असे अंक होते. म्हणजे २०१७ सालातील एकतिसावा आठवडा, ऑगस्टचा आरंभ. पूर्ण अंक टायरच्या एकाच बाजूला असू शकतात. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूस पाहावे.

अनेक मोटार उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात. काही टायर उत्पादकांचा सल्ला असा की, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी यातील अलीकडची मर्यादा धरणेच शहाणपणाचे.

उष्णता हाच शत्रू

१८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने तो मिनिटाला साधारण ८५० फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा रस्त्यावर दबतो आणि पुन्हा ताठ होतो. या दबण्या-उठण्यातून उष्णता निर्माण होते. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो आणि अधिक तापतो; भार वाढला की त्यात भर पडते. गावातल्या फेरीत टायरला मध्येच विश्रांती मिळते. महामार्गावर तासन्‌तास ती मिळत नाही. जुने, कडक झालेले रबर आणि आतील धाग्यांचे व तारांचे थर यांची पकड अशा वेळी सुटते आणि टायर फुटतो.

मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. लहान मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. टायर फुटून होणाऱ्या अपघातांमुळे २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशस्थानी टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठविण्याची मोहीमही घेतली. परंतु अशा तपासणीत झीज दिसते; वय पाहण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

हवा : दहा मिनिटांचे काम

हवा किती ठेवावी, हे टायरवाल्याच्या अंदाजावर सोडू नये. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर ते लिहिलेले असते. अनेकदा तेथे दोन आकडे असतात, एक नेहमीच्या भारासाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. पाच माणसे व सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाळावा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाब हा कमाल मर्यादेचा असतो. तो भरण्याचा आकडा नव्हे.

मोजणी टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच चाललेली असताना करावी. तापमान साडेपाच-सहा अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. प्रवासात वाढलेला दाब पाहून हवा सोडणे, किंवा उन्हाळा आहे म्हणून मुळातच कमी भरणे, या दोन्ही चुका आहेत. त्यामुळे टायर अधिक दबतो व अधिक तापतो. सुस्थितीतील टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा कमी होते. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा आणि प्रत्येक मोठ्या प्रवासापूर्वी हवा पाहावी. नायट्रोजनविषयी पुष्कळ बोलले जाते. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन किंचित सावकाश कमी होतो, इतकाच त्याचा लाभ. तपासणीतून त्यामुळे सुटका नाही.

झिजेची तऱ्हाही बरेच सांगते. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेले. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग करून घ्यावे. आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर पुढचे-मागचे टायर अदलाबदल केल्यास सर्वांची झीज सारखी होते. नक्षीच्या खोबणीत अधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटरची कायदेशीर किमान मर्यादा गाठली, असे समजावे. पावसाळ्यात मात्र तिथवर थांबू नये. खोबण उथळ झाली की पाणी बाहेर फेकले जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. तीन मिलिमीटरलाच बदल केलेला बरा.

खरेदी करताना

टायरवरील १८५/६५ आर १५ ८८ एच या ओळीत १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही रुंदीच्या टक्केवारीतील उंची, आर म्हणजे रेडियल रचना आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास असतो. ८८ हा भारांक ५६० किलो प्रतिटायर भार दर्शवितो आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. भारतीय मानक १५६३३ ची आयएसआय खूणही पाहावी.

जुना माल आधी काढावा, हा गोदामाचा नियम प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. टायरचा दुकानदारही तोच पाळतो. त्यामुळे सवलतीत मिळणारा टायर दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला असू शकतो. पैसे देण्यापूर्वी चार अंक वाचावेत, एका वर्षाच्या आतील उत्पादन मागावे आणि पक्क्या बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्यावेत. हमी उत्पादनातील दोषापुरती असते. खिळ्याने झालेले पंक्चर किंवा खड्ड्यातील मार त्यात सहसा येत नाही. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागील चाकांना बसवावेत. मागची पकड सुटली की गाडी गिरकी घेते आणि ती सावरणे अधिक कठीण असते.

हिशेबही मांडून पाहावा. एक टायर ५,५०० रुपयांचा धरला तर चारांचे २२,००० झाले. वर्षाला ४,००० किलोमीटर चालणारी गाडी सहा वर्षांत २४,००० किलोमीटर चालते. म्हणजे किलोमीटरला सुमारे ९२ पैसे आणि महिन्याला सुमारे ३०६ रुपये. अशा घराने लाखभर किलोमीटर टिकण्याचा दावा करणाऱ्या टायरसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण त्याचे आयुष्य वर्षांनी संपणार आहे. ओल्या रस्त्यावरील पकड चांगली असलेला टायर त्या घराला अधिक उपयोगी.

विम्याच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एक कलम वाचावे. नेहमीच्या मोटार पॉलिसीत केवळ टायरच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच मिळते, आणि तीही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. टायरसाठी स्वतंत्र जोडसंरक्षण वेगळ्या हप्त्यावर घ्यावे लागते.

स्टेपनी विसरू नये

स्टेपनी न धावताच म्हातारी होते. तिचेही चार अंक आणि हवा पाहावी. हवा दाखविणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचे साहित्य असलेल्या गाड्यांना २०२० पासून स्टेपनी न ठेवण्याची मुभा आहे. अशी गाडी घेणाऱ्याने ते साहित्य वापरण्यास आधीच शिकून घ्यावे. बाजूच्या भिंतीला चीर गेलेली असेल तर त्या साहित्याचा उपयोग होत नाही.

एवढे करूनही टायर फुटलाच तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मग कडेला यावे. घरात गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाला, मुलींना आणि सुनांनाही, हे आधी सांगून ठेवावे.

कारंज्याच्या आडतदारांनी बरीच घासाघीस करून चारही टायर बदलले. जुने टायर रिमवरून उतरविल्यावर मागील डाव्या टायरच्या आतल्या बाजूस बोटभर लांबीची चीर आढळली. गाडीखाली वाकून पाहिल्याखेरीज ती दिसली नसती. स्टेपनीवरही ३११७ हेच अंक होते आणि तिच्यात निम्मीच हवा होती. हवा भरून तिला लग्नापुरते सोबत नेले आणि परत आल्यावर तीही बदलली.

आजी नाशिकला वेळेवर पोहोचल्या, भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकून चौथ्या दिवशी सुखरूप परतल्या. त्यानंतर आडतदारांनी गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवली. पाचही टायरचे आठवडा व वर्ष, बदलल्याची तारीख, त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि खाली पुढील तपासणीचे साल. घराघरांतील मोटारींच्या पाकिटात अशी एक चिठ्ठी असावी. आणि ती नसेल तर आज संध्याकाळी गाडीजवळ बसून ते चार अंक तरी वाचून यावेत.